स्कार्फच्या आतलं गाणं

श्यामलाला मनसोक्त रागावता यायचं ते फक्त स्कूटरवर. एका खोलीच्या घरात रागावून जाणार कुठे? बुधवार पेठेतल्या दुकानात ती चार्जर आणि इअरफोन विकायची, तिथे रागावण्याचा मान मालकाकडे आणि गिऱ्हाइकाकडे. मग उरायचा येरवडा ते डेक्कन हा रस्ता. पुण्यातल्या बाकीच्या मुलींसारखा तोंडाला घट्ट स्कार्फ बांधायचा, एका कानात बीट लावायचा आणि आतल्या आत ओठ हलवत सुटायचं. तिचं सगळं रॅप असंच जुळलं होतं.

मागच्या सीटवर आई, सोजरबाई. ती डेक्कनच्या एका सोसायटीत चार घरच्या पोळ्या करायची. पोरगी स्कार्फमध्ये काय पुटपुटते याची तिने कधी चौकशी केली नाही. खड्डा आला की खांद्यावर चापट मारायची, एवढंच.

आणि राग कसला, तर त्या एका विनोदाचा. "येरवड्याची का? मग कधी सुटलीस?" शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे तोच. तुरुंग आहे गावात, म्हणून अख्खी वस्ती कैदी! बरं, विचारणारा प्रत्येक जण हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसतो. श्यामलाला त्याला गाण्यातून उत्तर द्यायचं होतं. अनंत नावाच्या एका आयोजकाने शहरातल्या नव्या रॅपरांचा कार्यक्रम ठरवला होता आणि त्यात तिला एका गाण्याची जागा दिली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्टेज मिळणार होतं.

मुखडा झाला होता:

घर माझं येरवड्यात, भिंत त्याची वेगळी,
एका नावात कोंबता तुम्ही वस्ती सगळी!

पण शेवटचं कडवं काही केल्या बसेना. शब्द यायचे, बीटवर ठेवले की लंगडायचे. संगम पुलावर एक ओळ जुळायची, पुढच्या सिग्नलला तीच फुसकी वाटायची. एकदा शेजारच्या स्कूटरवरच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "कोणतं स्तोत्र गं?" श्यामलाने मान डोलावली. दुसरं काय करणार?

एका सकाळी सोसायटीच्या अलीकडेच आईने खांद्यावर चापट मारली.

"हितंच उतरव. गेटपर्यंत नको."

"का?"

"भांड्याची ती नवी बाई हुती ना, येरवड्याची हाय म्हणून कळलं, तर सोसायटीनं लगेच कामावरनं बंद केली. मी कल्याणीनगरच्या मागं राहते म्हणून सांगितलंय. पयल्यापासनं."

श्यामलाच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या श्रीमंत कल्याणीनगरच्या मागं! या बाईने वर्षानुवर्षं त्यांना गरम पोळ्या वाढायच्या आणि स्वतःचं घर मात्र चोरीच्या मालासारखं लपवायचं! आईला उतरवून ती निघाली. स्कार्फच्या आत ओठ आपोआप हलू लागले. 'हातची पोळी पचते, पत्ता पचत नाही.' ही ओळ बीटवर चपखल बसली. पुढे? येरवड्याचं नाव तुम्हाला आवडत नाही. छे, लांबलं. सोसवत नाही. लंगडलं. ती दुकानाचं वळण सोडून सरळ पुढे गेली, मागच्याने शिवी हासडली तीही तिने ऐकली नाही. मंडईशी पोचेपर्यंत शब्द सापडला:

हातची पोळी पचते, पत्ता पचत नाही,
येरवड्याचं नाव तुमच्या जिभेला रुचत नाही!

त्यानंतर कितीतरी दिवस ती हेच घोळवत होती, आई मागे बसलेली असतानाही. कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्दावर आदळायचं, सगळं रस्त्यात ठरत होतं.

अनंतने गाणं ऐकलं आणि मान डोलावली. "भारी आहे. पण जेल कुठाय? येरवड्याची आहेस, तर लोकांना जेल हवं. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घाल, हातात बेडी. आणि ते पोळीबिळीचं काढ, त्यात काय व्हाइब नाही."

"त्या पोळीसाठीच तर गाणं लिहिलंय."

"मग जागा दुसऱ्याला देतो. बघ बाई."

श्यामलाने बघितलं आणि उठून आली. कार्यक्रम झाला, गाजलाही म्हणे. बेडी घालणारा कुणीतरी त्यांना मिळाला असणार. तिने बीट लावणं बंद केलं. स्कार्फ बांधायची, पण आत ओठ मिटलेले. आईच्या ते ध्यानात आलं असावं, कारण खड्डा नसतानाही एकदा तिने खांद्यावर चापट मारली.

त्याच आठवड्यात आई म्हणाली, "आज गेटपर्यंत चल."

गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर उभे होते. कामाच्या बायकांचे पत्ते नव्याने विचारत होते. त्यांच्या घरीही सोजरबाईच पोळ्या करायची.

"बाई, आपण राहता कुठे?"

"येरवडा."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "अस्सं? आम्हाला तर कल्याणीनगर सांगितलं होतंत. मग, सुटलात कधी?" आणि स्वतःच हसले.

सोजरबाई हसली नाही. तिने श्यामलाच्या खांद्यावर हात ठेवला, बोटांनी ताल धरला, आणि कुणी न शिकवता, जिथे आदळायचं तिथे नेमकी आदळत म्हणाली,

"हातची पोळी पचते, पत्ता पचत न्हाई,
येरवड्याचं नाव तुमच्या जिभंला रुचत न्हाई!"

श्यामलाने स्कार्फ ओढून काढला. सेक्रेटरींचं हसू तोंडातच राहिलं होतं.

"आता सांगा सायेब," सोजरबाई म्हणाली, "वर येऊन पोळ्या लाटू, का जाऊ?"