सरांची होनहार विद्यार्थिनी

दिल्लीत लक्ष्मीनगरच्या त्या नेटवर्किंगच्या क्लासमध्ये राऊटर काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला त्याला टिळा लावून जो झेंडूचा हार घातला, तो होळीपर्यंत तसाच वाळत होता. हात कोणी लावायचा नाही. सर प्रोजेक्टरवर कमांड टाइप करत आणि आम्ही सगळे इंजिनिअर मोबाइल उंच धरून पडद्याचे फोटो काढत असू. याला तिथे प्रॅक्टिकल म्हणत.

मला सर्टिफिकेट हवं होतं ते गुरुग्रामच्या ऑफिसात हेल्पडेस्कवरून नेटवर्क टीममध्ये जायला. लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्याचा मला वीट आला होता. क्लास बाबांनी लावला. बाबा विदर्भातून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आलेले, खात्याच्या सगळ्या परीक्षा स्वतः वाचून पास झालेले, आणि तरीही क्लास या गोष्टीवर त्यांची अपार श्रद्धा.

सरांचं शिकवणं म्हणजे मागच्या परीक्षांतून ढापलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाठ करणं. या भांडाराला 'डंप' म्हणत, आणि नाव अगदी योग्य होतं, कारण तो कचराच होता. एकदा मी विचारलं, हेच उत्तर का? सर प्रेमाने हसले. "बेटा, 'क्यों' में मत जाओ. सी पे टिक करो, आगे चलो." वर्गही हसला. असल्या माणसाच्या लोक पाया पडत होते. मला किळस आली आणि मी क्लास सोडला.

बाबा भडकले. "घरी बसून होतं का हे असं?"

"तुम्ही नाही झालात पास?"

"आम्हाला इलाज नव्हता म्हणून."

त्यानंतर त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशीच बंद केली. मलाही मग सर्टिफिकेटपेक्षा एकच गोष्ट जास्त हवी झाली. पास झाल्यावर बाबांनी म्हणावं, पोरीने स्वतः केलं.

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून मी एक जुना स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, आणला. त्याचा पंखा इतका कोकलायचा की आई वैतागायची, "अगं, बंद कर ना ते, सीरियल ऐकू येत नाही बिल्कुल." सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम नेटवर्क बिघडवून ठेवायचे आणि काय बिघडलं ते शोधत बसायचे. मेट्रोत उभ्या उभ्या पुस्तक वाचायचे. परीक्षेत एक बिघडलेलं नेटवर्क समोर टाकलं आणि दुरुस्त करा म्हणाले. मी केलं. बाहेर क्लासमधले दोन ओळखीचे चेहरे उतरलेले दिसले. "यार, ये तो डंप में था ही नहीं," एक जण म्हणाला. मला जराही दया आली नाही.

निकाल बघून बाबांनी डोळे पुसले, बर्फीचा डबा घेतला आणि तडक क्लासवर गेले. सरांनी बर्फी खाल्ली, आशीर्वाद दिला आणि माझा फोटो मागितला. बाबांच्या मोबाइलवर माझा एकच बरा फोटो होता, लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेला. आठवड्याभरात मी क्लासच्या दारावरच्या फ्लेक्सवर पैठणी नेसून झळकत होते. खाली सरांचं नाव आणि ओळ होती, 'सर की होनहार छात्रा'. निर्लज्जपणालाही काही सीमा असते असं मला तोवर वाटायचं.

तो फ्लेक्स उतरवायला लावायचाच, म्हणून मी तणतणत निघाले. बाबाही सोबत आले. मला वाटलं, भांडायला. ते फ्लेक्सखाली उभे राहिले, शर्ट नीट केला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"काढ फोटो."

"बाबा, या माणसाने मला काहीही शिकवलेलं नाही. मी स्वतः शिकले. तुमच्यासारखी."

"माझ्यासारखं नको म्हणूनच तर क्लास लावला होता, बेटा," ते म्हणाले. "मला असे सर मिळाले असते, तर मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो असतो का?"

मी फोटो काढला. बाबांनी तो चष्मा वर करून निरखून पाहिला आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला.

"सरांचं नाव कापलं गेलं. पुन्हा काढ."