स्प्रूस नॅरोजचे हरवलेले उणे

नोव्हेंबर लागला की स्प्रूस नॅरोजच्या बोलण्यातून ‘उणे’ हा शब्द गळून पडतो. ‘आज तीस आहे’ एवढे ऐकले की माणूस, इंजिन गोठू नये म्हणून, मुकाट्याने गाडीच्या हीटरची तार विजेच्या प्लगला जोडून येतो. उत्तर मॅनिटोबाच्या जानेवारीत शून्याच्या वरचे तीस कोणाच्या स्वप्नातही येत नाहीत, त्यामुळे शब्दांची ही काटकसर निर्धोक होती. ऑर्विल थॉरलाक्सनने ती यंत्राला शिकवली, तोवर.

ऑर्विल हा निवृत्त विजेचा ठेकेदार, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबचा तहहयात सचिव आणि गावच्या हवामान-नोंदींचा स्वयंनियुक्त पालक. त्याच्याविषयी गावाला फार आदर आहे, असे तो सांगतो. गावचे दप्तर माझ्याकडे आहे. त्यात या विधानाला दुजोरा सापडत नाही.

धावपट्टीजवळच्या खांबावरचा सेन्सर तापमानाप्रमाणे व्होल्टेज देतो: शून्याच्या वर धन, खाली ऋण. नोंदीची पेटी बदलली तेव्हा नव्या प्रोग्रामने विचारले की व्होल्टेजचे आकडे चिन्हासह साठवायचे की चिन्हाविना. ऑर्विलने ‘चिन्हाविना’ निवडले. अशा साठवणुकीत ऋण आकडा नाहीसा होत नाही. तो उलटून पार वरच्या टोकाला जाऊन बसतो. उणे एकाचे तिथे पासष्ट हजार पाचशे पस्तीस होतात. थंडी पडली आणि पडद्यावर असल्या अगडबंब आकड्यांची रांग लागली. दुसऱ्या कोणी इथे थांबून विचार केला असता. ऑर्विलने ‘अशक्य’ आकडे आपोआप पुसण्याचा नियम बसवला आणि नगर परिषदेपुढे त्याला ‘नोंदींचे शुद्धीकरण’ असे नाव दिले. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात त्या टाळ्या आहेत. एकही प्रश्न नाही.

हिवाळाभर गाव गोठत राहिले आणि नोंदींत बर्फ वितळण्याचे तेवढे मोजके तास उरले. जानेवारीची सरासरी निघाली शून्याच्या वर दोन.

याची झळ बर्निस कोवालचुकला लागली. मोटारी थंडीत सुरू होतात की नाही हे तपासणारी मंडळी दर हिवाळ्यात तिच्या मोटेलात उतरत, आणि त्यांच्यावरच तिचे मोटेल वसंतापर्यंत तग धरी. पुढच्या मुक्कामापूर्वी त्यांनी गेल्या हिवाळ्याच्या नोंदी मागवल्या. ऑर्विलने त्या अभिमानाने, तिलाही न विचारता धाडल्या. मंडळींनी शेजारच्या गावात खोल्या घेतल्या आणि बर्निसला कळवले की यंदा त्यांना खरी थंडी हवी आहे.

बर्निसने त्याला मोटेलातल्या आपल्या कॉफीच्या काउंटरपाशी गाठले; मलाही बोलावून घेतले. ऑर्विल जराही ओशाळला नाही.

“आपल्यात उणं काढतं कोण, बर्निस? न सांगता कळतंच की सगळ्यांना.”

“माणसांना कळतं रे. तुझ्या त्या डबड्याला कोण सांगणार होतं?”

मी त्याला समजावले की त्या अगडबंब आकड्यांतून पासष्ट हजार पाचशे छत्तीस वजा केले की प्रत्येक उणे जसेच्या तसे परत मिळते. अख्खा हिवाळा परत उभा करता येईल आणि त्या मंडळींना पाठवता येईल. फक्त ते आकडे हवेत. बर्निस माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती.

“कचरा कोणी जपून ठेवतं का?” ऑर्विलने मलाच विचारले. त्याच्या सुरात माझ्याविषयीची कीव होती.

यंदा मोटेलची मागची बाजू बंद आहे. तिथले हीटरही बर्निसने काढून ठेवले. परिषदेने ऑर्विलला पदावरून हटवलेले नाही, कारण त्याला त्या पदावर कोणी नेमलेच नव्हते. सकाळी तो कॉफीला येतो आणि टोपी काढता काढता जाहीर करतो, “आज चौतीस.”

बर्निस किटली उचलते, पण ओतत नाही.

“कुठले चौतीस? वरचे असतील तर गरम कॉफी कशाला लागते तुला?”

शेजारच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून बसतात. ऑर्विल कपाकडे बघत पुटपुटतो, “उणे.”

“मोठ्यानं.”