जावयाचे धोंडे आणि आमचा सूर्य

मी गॅस सोडला, तेव्हा देशाला जरा हायसं वाटलं असावं.

अकोल्यातल्या आमच्या गच्चीवर सोलर बसलं, बॅटरी आली, विजेची शेगडी आली आणि मी सिलेंडर परत केला. मग गल्लीभर व्याख्यानं! शेजारच्या शांताबाई सिलेंडर उतरवून घेत होत्या, तर मी मुद्दाम थांबून म्हणालो, "बाई, हा गॅस परदेशातून बोटीनं येते. सूर्य आपल्या गच्चीवर येते. आपण वीज केली, की देशाले तेवढा गॅस कमी लागते!"

अधिक महिन्यात नवे जावई धोंड्यांच्या जेवणाला आले. पहिलाच मान! पुरणाचे धोंडे तेलात पडले आणि लाइन गेली.

"घाबरू नका, बॅटरी हाय," मी जावयांकडे बघून हसलो. शेगडी दोन मिनिटं चालली आणि विझली.

"अवो, बाहेर एवढं ऊन तापून राहिलं, मंग बॅटरी काहून रिकामी?" बायको ओरडली.

मी जावयांना घेऊन वर गेलो (यंत्रणा दाखवायची हौस!). पॅनेलवर जुनी धोतरं अंथरलेली आणि त्यांवर आईच्या कुरड्या! सकाळी आई कुरकुरली होती, "तुह्या काचांनी सारी गच्ची घेतली. आता वाळवण कुठी टाकू?" तेव्हा, "टाक न त्याच्यावरच, ऊन सरळ लागते," असं म्हणून धोतरं मीच अंथरली होती. जावयांनी धोतराची कड उचलून खालचं पॅनेल बघितलं आणि ती पुन्हा नीट अंथरली.

खाली धोंडे अर्धकच्चे. मुलगी रडवेली झाली, "बाबा, सासरी काय सांगू मी?"

मान खाली घालून शांताबाईंच्या दारात गेलो.

"काहो भाऊ, सूर्य सुट्टीवर गेला काय?"

"सिलेंडर पाह्यजे होता... तासाभरासाठी."

"अन् शेगडी?"

"ते पण. आमची भंगारात देल्ली." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिलेंडर उचलायला वाकलो आणि कमरेत उसण भरली! शेवटी ज्यांना पाटावर बसवून ओवाळायचं, ते जावई नव्या कपड्यांत, कपाळावर कुंकू लावून, खांद्यावर सिलेंडर घेऊन भर गल्लीतून आले. मी मागून शेगडी घेऊन लंगडत होतो. दोन्ही बाजूंच्या दारांत माझे सगळे श्रोते उभे!

कुरड्या मात्र कडकडीत वाळल्या होत्या. आईनं त्यातल्या मूठभर शांताबाईंसाठी तळल्या. त्यांच्याच गॅसवर.