दणक्याआधी

रिव्हॉल्व्हरला मॅगझीन नसतं, हे मला एका वाचकाच्या पत्राने कळलं. तेव्हा मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. ‘आरोपीच्या रिव्हॉल्व्हरच्या मॅगझीनमधून तीन काडतुसे जप्त’ हे वाक्य माझ्या हातून पानावर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली. गुन्ह्यांच्या शेकडो बातम्या मी तपासल्या होत्या आणि एकाही शस्त्राला हात लावलेला नव्हता.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजाला आलो. अल नहदातल्या आमच्या फ्लॅटपासून अर्ध्या तासावर, वाळूच्या बाजूला, एक शूटिंग क्लब आहे. आमच्यासारख्या नोकरदारांनी घरी शस्त्र बाळगायचा इथे प्रश्नच येत नाही. क्लबची शस्त्रं क्लबच्याच कपाटात राहतात. ओळखपत्र द्यायचं, तासाभरासाठी घ्यायची. पहिल्यांदा कुतूहलाने गेले. सहा महिन्यांत नऊ एमएमच्या पिस्तुलावर हात बसला. मग मी काउंटरवर चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर मागितलं.

ते सव्वा किलोहून जड असतं. सिलिंडरमध्ये सहा कप्पे. चाप ओढला की दणका तळव्यातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात येतो, नळी कपाळाच्या उंचीपर्यंत जाते. पहिल्या गोळीनंतर मला हसू आलं. भीती वाटली नाही. वजन, आवाज, धक्का, सगळं सरळ होतं, फसवाफसवी नव्हती. हेच शस्त्र आपलं, असं मी त्या दिवशी ठरवलं.

क्लबचा नियम मात्र कडक होता. परीक्षा होईपर्यंत मॅग्नममध्ये एका वेळी एकच काडतूस भरायचं आणि प्रशिक्षकाने मागे उभं राहायचं. परीक्षा पास झालं की सहाही कप्पे आपले, लेन आपली. वर्षाला तीन संधी. मी दोन घालवल्या होत्या.

परीक्षा साधी होती. प्रशिक्षक तुमच्याकडे पाठ करून सिलिंडर भरतो. काही काडतुसं खरी, काही डमी. कुठली कुठे, ते तुम्हाला माहीत नसतं. खरी गोळी पंधरा मीटरवरच्या वर्तुळात लागली पाहिजे. डमीवर घोडा पडला की नुसता ‘टक्’ आवाज येतो, आणि त्या वेळी नळी हलता कामा नये. खऱ्या गोळीचा दणका हाताची चूक झाकतो, डमी ती उघडी करते. दोन्ही वेळा माझी नळी ‘टक्’ला बोटभर खाली गेली. हात दणक्याआधीच दचकत होता.

प्रशिक्षक पेशावरकडचे, निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत. मी दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांनी माझा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बाहेरच्या बाकावर बसून सावकाश चालवून दाखवला. नवरा शेजारी इथला दाट, कडक करक चहा पीत होता.

“बाजी, एक बात पूछूँ? गोली से पहले आप क्या पढ़ती हैं?”

“काही नाही. मतलब, कुछ नहीं.”

“होंठ हिलते हैं. दो महीने से देख रहा हूँ. मैं समझा दुआ है, तो टोका नहीं. दुआ में कौन टोकता है.”

मी व्हिडिओ पुन्हा बघितला. ओठ खरंच हलत होते. काय म्हणतेय ते ओळखायला तिसऱ्यांदा बघावा लागला.

“दुआ नहीं, गिनती है,” मी म्हटलं. “एक, दोन, साडेमाडे तीन.”

नवऱ्याला ठसका लागला. “बाहेर एवढी पत्रकार, आणि आत जाऊन लंगडी खेळतेस?”

“लंगडी नाही. धावायची शर्यत.”

“साढ़े तो आधा होता है,” उस्ताद म्हणाले. “माडे क्या?”

“माडे का कुछ मतलब नहीं.”

“तो बीच में डाला क्यों?”

उत्तर नवऱ्याने दिलं. “ताकि सब तैयार हो जाएँ, उस्ताद. दौड़ना तीन पे है.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. “बस. हाथ भी तैयार हो जाता है.”

एवढी अचूक दुरुस्ती मला डेस्कवरही कोणी सांगितली नव्हती. मोजणं थांबवायचं ठरवलं, पण ठरवून ते थांबेना. इंग्रजीत मोजून पाहिलं, हिंदीत मोजून पाहिलं. हात सगळ्या भाषांमध्ये तीन ओळखत होता. घरी दीड लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून मी खिडकीसमोर उभी राहायचे. नवरा जाता-येता विचारायचा, “कोणाला पाजतेस?”

तोडगा माझ्याच धंद्यात निघाला. बातमीत जे झालं ते लिहायचं, जे होणार आहे ते नाही. मोजणी म्हणजे पुढे काय होणार त्याची घोषणा. म्हणून मी मनात फक्त समोर दिसतं त्याची वाक्यं करायला लागले. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, स्पष्ट आहे. तिची वरची कड काळी आहे. मागच्या खाचेत तिच्या डावीकडे उजेड जास्त आहे, आता दोन्हीकडे सारखा आहे. चाप मागे येतो आहे. पुढचं वाक्य माझ्याकडे नसायचं. गोळी सुटली की ती मलाही ताजी बातमी असायची. तीन शनिवार सराव केला. चौथ्या शनिवारी मी तिसरी संधी मागितली. पास होणार, याची मला खात्री होती.

उस्तादांनी पाठ फिरवून सिलिंडर भरला आणि शस्त्र माझ्यापुढे ठेवलं. पहिली गोळी सुटली, वर्तुळात लागली. दुसरीही. तिसऱ्या वेळी ‘टक्’. माशी होती तिथेच होती. चौथी सुटली. पाचव्या वेळी पुन्हा ‘टक्’. नळी हलली नाही. सहावी सुटली आणि ती किंचित वर गेली हे मला भोक दिसायच्या आधीच कळलं.

कागद जवळ आला. सहावीचं भोक वर्तुळाच्या रेषेवर होतं. उस्तादांनी चष्मा लावला, नखाने कड चाचपली.

“लाइन को काटती है,” ते म्हणाले. “अंदर है.”

“नक्की? पक्का?”

“बाजी, मैं रिश्तेदारों को भी रेषा से बाहर का नहीं देता.” ‘रेषा’ हा शब्द ते माझ्याकडूनच शिकले होते.

त्यांनी कार्डावर सही केली, काडतुसांचा खोका माझ्या उजव्या हाताशी सरकवला आणि मागचं काचेचं दार ओढून बाहेर गेले. काचेपलीकडून नवरा काहीतरी विचारत होता. आवाज अडवणारे मफ मी पुन्हा कानांवर चढवले होते, ऐकू आलं नाही. मी सिलिंडर उघडला आणि एकेक कप्पा भरायला घेतला.