रडणारं विमान गप्प झालं तेव्हा

“साहेब, कालपासनं ते रडायचं थांबलंय,” व्यंकटमामा म्हणाले.

मामा आमच्या फ्लाइंग स्कूलचे वॉचमन, मूळचे सास्तूरचे. ‘ते’ म्हणजे आमचं दोन सीटचं ट्रेनर विमान. संध्याकाळी वारा सुटला की बांधून ठेवलेलं ते विमान कण्हायचं. मी तिथला मेंटेनन्स इंजिनिअर. आवाज कुठून येतो हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा यायचा.

“थांबलं कसं?”

“खंडेनवमीच्या पूजेला पंखाला कुंकू लावलं न्हवं का. ज्यातनं रडतंय त्या भोकातबी तेलात कालवून भरलं. देवीचं हाय, तुळजापूरचं.”

मी वर पाहिलं. विमान हवेत होतं आणि आत आमची विद्यार्थिनी श्रेया एकटी होती.

चालत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर धरा. तळवा पुढून थोडा उचलला की वारा हात वर ढकलतो. फार उचलला की हात नुसता मागे फेकला जातो. पंखाचंही तसंच. समोरच्या हवेशी कोन फार वाढला की पंख विमान पेलत नाही. याला स्टॉल म्हणतात. तो व्हायच्या जरा आधी पंखाच्या पुढच्या कडेवरल्या भोकातून हवा ओढली जाते, आतली पत्ती बाजाच्या पेटीसारखी वाजते. हाच स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न; बांधलेलं विमान वाऱ्यात कण्हायचं तेही यातूनच. उतरताना वेग कमी आणि कोन जास्त. जमिनीजवळ स्टॉल झाला तर सावरायला उंची नसते.

मी पळत जाऊन इन्स्ट्रक्टरच्या हातातला माइक घेतला.

“श्रेया, हॉर्न बंद आहे. त्याच्यावर विसंबू नकोस. स्पीडच्या काट्याकडे बघ, नाक फार उचलू नकोस.”

“रॉजर, सर.”

रोज चाकं टेकण्याआधी ते कण्हणं ऐकू यायचं. त्या दिवशी विमान मुक्यानं खाली आलं. इतका कधी घाबरल्याचं मला आठवत नाही. चाकं आपटली, उडाली, पुन्हा टेकली. श्रेया सुखरूप उतरली.

“हॉर्न चेक का नाही केलास?” मी विचारलं. उड्डाणाआधी भोकावर रुमाल धरून तोंडानं हवा ओढायची आणि हॉर्न ऐकायचा, हा रोजचा नेम.

“सर, देवीचं कुंकू. उष्टं कसं करायचं?”

पूजेला मीही हात जोडून उभा होतो.

मामा काडीनं भोक साफ करायला लागले. “त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखालनं माझी भन अशीच कण्हत हुती, साहेब. म्हणून ह्येचं ऐकवत न्हवतं. तिचा आवाज थांबला, तवा समदं संपलं. आवाज थांबणं वाईट, ह्ये मला ठावं हुतं. तरी म्या ह्येला गप केलं.”

संध्याकाळी वारा सुटला आणि विमान रडायला लागलं. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.

आता पूजेचं कुंकू शेपटीला लागतं. आणि वारा असून विमान गप्प असलं, तर मामा मला फोन करतात.