भोकाचे पंचवीस रुपये

मे १९८२ मध्ये, पोलादपूरच्या एका गॅरेजात, पत्नी सुमन हिच्या समक्ष, मी आमच्या होडीसाठी एक जुनं पेट्रोल इंजिन सातशे रुपयांना घेतलं. मालक बाबूशेठ यांनी सातशे पंचवीस सांगितले होते. पंचवीस मी टाकीच्या झाकणाला असलेल्या भोकाबद्दल कापले.

"सायेब, भोक असायलाच लागतं त्याला," बाबूशेठ म्हणाले.

"फुटक्या मालाची वकिली करू नका." (आम्ही महाडचे; गावात कोर्ट असल्याने आम्हाला अशी वाक्यं येतात.)

पुढच्याच आठवड्यात खाडीकाठच्या गावी भाचीचं लग्न. मी नवरीचा मामा, मी हाताला धरून आणल्याशिवाय ती मांडवात येणार नव्हती. एसटी होती. मी होडी काढली.

"अहो, माझ्या शालूला पेट्रोलचा वास लागेल," सुमन म्हणाली. मी अंघोळीच्या साबणाचा तुकडा मळून भोकात गच्च बसवला. वास गेला.

सावित्री नदीच्या पहिल्या वळणावर इंजिनही गेलं.

टाकी हलवून पाहिली, पेट्रोल डुचमळत होतं. नळी काढून फुंकली, जोडली, इंजिन सुरू. "कचरा होता," मी सांगितलं. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. पुन्हा फुंकली, पुन्हा सुरू. "उरलेला कचरा." त्यापुढच्या वळणावर कार्बोरेटर खोलला. त्यात कचरा नव्हता, पण आता माझ्या तोंडात पेट्रोल होतं.

"तिकडे अक्षता वाटून झाल्या असतील," सुमन म्हणाली. "आणि हे हात बघा. या हातांनी नवरीला आणणार?"

हात कोपरापर्यंत काळे होते.

"साबण आणलायस?"

"मी कशाला आणू? तुम्हीच आणलाय की." तिने हेअरपिनने झाकणातला साबण उकरून काढला. टाकीने फुस्सकन मोठा श्वास घेतला. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही, हे मला हातावर फेस असताना उमगलं. मग दोरी ओढली, ती होडी थेट लग्नघराच्या धक्क्याला लागली.

नवरी खोलीच्या दारात ताटकळत उभी होती. "मामा, साबणाचा वास छान येतोय," एवढंच म्हणाली.

सोमवारी मी पोलादपूरला जाऊन बाबूशेठच्या हातावर पंचवीस रुपये ठेवले.

"कसले हो?"

"भोकाचे."

त्यांनी मान डोलावली. सवयीने मी पावती मागितली. त्यांनी सावकाश लिहून दिली : "भोक, एक नग. रुपये पंचवीस पावले."