साडेचार बोटे

सोलापुरात आश्विनातल्या दुपारी माणूस सावलीत बसला तरी त्याचा सदरा पाठीला चिकटतो. अशा दुपारी शुक्रवार पेठेतल्या एका ओट्यावर पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला पागोटे आणि मांडीवर जाडजूड विणकाम घेतलेला एक गृहस्थ स्वेटर विणत बसलेला दिसे. स्वेटर पूर्ण होत येई तसा तो मांडीवरून गुडघ्यापर्यंत पसरे आणि गृहस्थाला जास्त उकडे. हे माझ्या पत्नीचे मामा. गल्लीतली मुले त्यांना सुईमामा म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि मामा ओ देत.

एकदा समोरच्या दुकानदाराने विचारलेच, "मामा, उकडत न्हाय व्हय तुमास्नी?"

मामा म्हणाले, "उकडतंय की. पर थंडी नाशकात हाय आन हात हितं हायेत. करायचं काय?"

नाशकात मामांची धाकटी बहीण होती. ती माझी सासू; मामा तिला सुंद्री म्हणत. दर दिवाळीला मी, माझी पत्नी यमुना आणि मामा असे तिघे नाशकाला जात असू. मी जावई म्हणून जाई आणि मामा भाऊबीजेसाठी येत. इतर भाऊ बहिणीला लुगडे नेतात, मामा स्वतः विणलेले स्वेटर नेत. बहिणीला एक आणि तिच्या दोन मुलांना एकेक, असे तीन नग दसऱ्यापासून निघायच्या दिवसापर्यंत त्यांना पुरे करायचे असत. हा काळ तीस सालच्या आगेमागेचा. त्या काळी सोलापुरात पुरुषाने विणणे म्हणजे मागावर बसणे. काड्या घेऊन ओट्यावर बसणे म्हणजे काय, ते लोकांना कळत नसे.

मामा मूळचे करकंबचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि गिरणीत सूतखात्यात लागले. तिथे पट्ट्यात सापडून डाव्या हाताची दोन बोटे आखडली. दवाखान्यातल्या नर्सबाईने बोटांना व्यायाम म्हणून विणायला शिकवले. तीन महिन्यांत बोटे सुधारली. "बोटं सुटली, सुया न्हाय सुटल्या," असे मामा सांगत. त्या सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या चार काड्या होत्या, टोके फरशीवर घासून गुळगुळीत केलेल्या. मी मोजल्या होत्या. तीन सारख्या होत्या आणि चौथी पाव इंचाने आखूड होती. मामांना ते सांगितल्यावर ते म्हणाले, "तिला ठावं हाय."

मी त्या वेळी मोजणी खात्यात होतो. जमिनीवर साखळी टाकून आकडा लिहिणे हे माझे काम, आणि त्यामुळे दिसेल ती वस्तू मोजण्याची मला सवय लागली होती. मामांच्या विणकामात मोजण्यासारखे पुष्कळ असल्याने आमचे जमले.

ते लोकर वापरीत नसत. चार पदरी सूत स्वतः पिळून घेत आणि त्याचेच विणत. ते सूत बाजारातून आणलेले असे, गिरणीतले नसे, हे मुद्दाम लिहून ठेवतो. सुताचा स्वेटर वजनाला जड होतो आणि धुतला की स्वतःच्याच भाराने लांबतो. मामांनी मला लग्नानंतर दिलेला स्वेटर मी धुण्याआधी व सहा धुण्यांनंतर मोजला, तर तीन इंचांनी वाढला होता. मामांच्या भाषेत चार बोटे. मी हा दोष म्हणून दाखवला.

"लोकरीचा आटतो, सुताचा वाढतो," मामा म्हणाले. "पोरं बी वाढत्यातच की. त्यात काय वंगाळ हाय?"

"मी वाढत नाही, मामा."

"मग तुमी धुऊ नगा, पाव्हणं."

इंच त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक माणसाची एक सुतळी असे. तिच्यावर गळ्याला एक गाठ, छातीला दुसरी, लांबीला तिसरी. सगळ्या सुतळ्या खुंटीवर जुडी करून टांगलेल्या असत, आणि कोणती कोणाची हे त्यांना हाताला लागताच समजे. गळ्यापासून सुरुवात करून ते खाली विणत जात. गळ्याचे टाके एकदा घातले की मला मोजायला सांगत. मी आकडा सांगितल्यावर मान हलवीत, म्हणजे तो त्यांना आधीच माहीत असे.

नाशकाला जाताना दौंडला एकदा आणि मनमाडला एकदा गाडी बदलावी लागे. विणकाम राहिलेले असले तर मामा डब्यातही बसून विणत. एका वर्षी समोरच्या उतारूला राहवले नाही.

"घरच्या मंडळींना बरं नाही काय?" त्याने विचारले.

"मंडळी न्हाईत. वारल्या."

"मग हे कोणासाठी?"

"भैनीसाठी."

"तिला विणता येत नाही?"

"येतंय की," मामा काड्यांवरून नजर न काढता म्हणाले, "पर सोताच सोताला भाऊबीज घालावी व्हय तिनं?"

उतारूने पाय वर घेतले आणि तो दौंडपर्यंत झोपला.

नाशकात माझे सासरे कोर्टात नाझर होते. काळा कोट, पांढरे उपरणे, आणि बोलणे मोजके. मामा त्यांना दाजी म्हणत. भाऊबीजेला मामा पाटावर बसत, सासूबाई ओवाळीत आणि मामा तबकात स्वेटर ठेवीत. तबक लहान असल्याने बाह्या बाहेर लोंबत.

"यंदाही सूतच का?" सासरे विचारीत.

"व्हय दाजी. सोलापुरात दुसरं काय मिळतंय?"

सासरे वर्तमानपत्र उघडीत. त्यांच्यासाठी मामांनी काही विणलेले नव्हते, कारण त्यांचे माप मागण्याची कोणाची छाती नव्हती.

नाशकात पोहोचल्याबरोबर मामांचे पहिले काम ठरलेले असे. बहिणीला आणि मुलांना मागल्या वर्षीचे स्वेटर घालून पुढे उभे करायचे आणि प्रत्येकाला त्याची सुतळी लावायची. मुले किती वाढली ते पाहतात, अशी माझी समजूत होती. पण ते सुतळी मुलांच्या अंगाला न लावता स्वेटरला लावीत. मोजणीच्या दृष्टीने ही पद्धत चुकीची होती आणि मी तसे बोललोही होतो. "आसूं दे," एवढेच मामा म्हणाले होते.

माझ्या तिसऱ्या दिवाळीला सासूबाईंनी मला माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली. त्यांना त्यातली सतरंजी हवी होती. सतरंजीखाली मामांचे स्वेटर होते. कडुनिंबाचा पाला घालून, घडीवर घडी. मी मोजले, एकवीस नग होते. एकही वापरलेला दिसत नव्हता.

सासूबाईंनी झाकण लावले. "जावईबापू, दादाला सांगू नका बरं का."

"नाही सांगत."

"ह्यांच्याकडे कोर्टातली माणसं येतात. मेहुण्यानं बायकांसारखं विणून आणलेलं घातलं की हसतात म्हणे. दादा असतो तेवढे चार दिवस घालतो आम्ही. तो गेला की ठेवून देतो." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आई गेल्यावर त्यानंच माझी वेणी घातलेली आहे. पाच वर्षं. त्याला कळलं तर तो यायचा नाही."

मी मामांना सांगितले नाही. विचारले असते तर खरे सांगावे लागले असते, म्हणून विचारण्याची वेळ येणार नाही एवढी काळजी घेत राहिलो. ही गोष्ट मला जड गेली. चुकीचा आकडा मी लिहिला नव्हता, पण बरोबर आकडा खिशात ठेवला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मामांनी जाहीर केले की यंदा दाजींसाठीही विणायचे. माप मी आणावे, असे ठरले. मी कामासाठी नाशकाकडे गेलो होतो, तेव्हा सासरे स्नानाला गेल्यावर खुंटीवरच्या त्यांच्या कोटाला फीत लावली. छाती अडतीस, गळा सोळा. मामांनी ते इंच नाखुशीने ऐकले आणि गाठींत उतरवले. गळ्याला शहाण्णव टाके घातले. दिवाळीत तो स्वेटर तबकात गेला. सासऱ्यांनी एक बाही उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, "ठेवा तिकडे."

परतीच्या गाडीत एरवी मामा उरलेल्या सुताचे काहीबाही विणत, या वेळी विणत नव्हते. हात रिकामे ठेवून ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना मी तसे पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्या वर्षी श्रावणापासून मामांना दम लागू लागला. "सुतात काम केलं, थोडं आत गेलं. आता त्ये बी वाढाय लागलंय," असे ते डॉक्टरांनाच सांगत. तरी तीन स्वेटर दिवाळीच्या आत पुरे केले. प्रवास मात्र जमणार नव्हता. निघण्याच्या आदल्या दिवशी मी नग घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी खुंटीवरची सुतळ्यांची जुडी, कोणती कोणाची ते सांगून, माझ्या हातात दिली.

"तितं गेल्यावर मागल्या सालच्या स्वेटरांना लावून बघा."

"स्वेटरांना? कशासाठी, मामा?"

"धुतल्यात का बगाय."

मी जुडी पिशवीत घालता घालता थांबलो.

"पाव्हणं, पयल्या सालापास्नं बगतोय. अंगात आसतो, पर धुतलेला आसता तर चार बोटं वाढला आसता. गाठ जितल्या तितं येती. एक बोट न्हाय." त्यांनी दम घेतला. "सुंद्रीला बोलायचं न्हाय ह्यातलं. तिला वाटतंय मला ठावं न्हाय."

"मग इतकी वर्षं विणलंत कशाला?"

"चार दिस घालती की. आन टाकून न्हाय दिलं, जपल्यात. पर दाजीचा एक बगा. नुस्तं बगा. जे आसंल त्ये सांगा. तुमी खोटं सांगत न्हाय म्हणून तुमाला सांगतोय."

गाडीत मी यमुनेला हे सारे सांगितले.

"तुम्ही परत आल्यावर सरळ सांगा, चार बोटं वाढलाय म्हणून," ती म्हणाली.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मग मोजा, आणि चार बोटंच सांगा."

मनमाड येईपर्यंत मी विचार केला. नोकरीत साखळी टाकल्याशिवाय मी कधी आकडा लिहिला नव्हता. पण मामा पुढची दिवाळी पाहतील असे डॉक्टरांना वाटत नव्हते, आणि ट्रंकेतला आकडा काय निघणार हे मला ठाऊक होते. त्यांनी माझ्या खरेपणावर भिस्त ठेवली होती, आणि खोटे बोलायचे तर तीच भिस्त वापरावी लागणार होती. मनमाडला गाडी बदलली तेव्हा माझे काही ठरले नव्हते.

नाशकात सासूबाईंनी तिघांचे स्वेटर चार दिवसांसाठी बाहेर काढून ठेवले होते. दादा आला नाही हे कळल्यावर त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. मी तिन्ही स्वेटरांना सुतळी लावली. गाठ जिथल्या तिथे आली. मग ट्रंक उघडून पाहिली. दाजींचा त्यात नव्हता. कोणाला देऊन टाकला असेल, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे स्नानाला गेले असता खुंटीवरचा काळा कोट फुगलेला दिसला म्हणून मी तो उचलला. आत स्वेटर होता. उजव्या कोपरावर रफू केलेले होते. मी तो जमिनीवर पसरला, लांबीची गाठ धरली आणि सुतळी लावली. स्वेटर सुतळीच्या पुढे गेला होता. मी बोटे ठेवली. पुन्हा लावली, पुन्हा बोटे ठेवली.

"काय मोजता आहात?"

सासरे पंचा गुंडाळून दारात उभे होते.

"मामांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी सुतळीकडे पाहिले, मग स्वेटरकडे. "कोर्टाची इमारत दगडी आहे. पौष-माघात फार गारठा असतो," ते म्हणाले. "कोटाच्या आत दिसत नाही."

"नाही दिसत."

ते आत वळले आणि पुन्हा थांबले. "त्यांना म्हणावं, गळा जरा सैल आहे."

सोलापूरला परतलो त्या दिवशी सामान घरी टाकून मी तसाच मामांकडे गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते. पोरांचा आणि सासूबाईंचा स्वेटर काही वाढला नाही, हे मी आधी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग म्हणालो, "दाजींचा साडेचार बोटं."

"दोनदा मोजलं?"

"दोनदा."

मामा बोटांवर हिशेब केल्यासारखे करून म्हणाले, "साडेचार. म्हंजे धा येळा तरी धुतलाय."

"गळा सैल आहे, असं म्हणाले."

"कोन? दाजी म्हणाले?"

"स्वतः."

"हुणारच की सैल!" मामा एकदम ताठ बसले. त्यांना खोकला आला, तो ओसरेपर्यंत त्यांनी हाताने मला थांबवून धरले. "मानंचं माप कोटावरनं काढलंत तुमी, पाव्हणं. कोटाच्या गळ्यात सदरा बसतो, उपरणं बसतंय. आन म्हणं मोजणी खात्यात हाय!"

चूक माझीच होती, आणि ती मी तेव्हाच कबूल केली.

मामा त्यानंतर दीड महिना होते. मार्गशीर्षात गेले. सासूबाई आल्या, सासरेही आले. सासरे ओट्यावर कोट घालूनच बसले होते. खोली आवरताना यमुनेला मामांच्या उशाशी चारही काड्या सापडल्या, त्यांवर नुकते घातलेले टाके होते. गळ्याचे टाके आणि खाली तीन ओळी, एवढेच झाले होते. तिने ते तसेच माझ्याकडे आणून दिले. मी उजेडात जाऊन बसलो आणि एका काडीपासून मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजले. चौऱ्याण्णव होते. दाजींच्या गळ्याला शहाण्णव घातले होते.